ईएफ ६० टक्के, ‘नॉर्मल’, आणि तरी हार्ट फेल्युअर : पुण्यातल्या एका व्हॉल्व्ह ओपीडीचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक कापला तो टोकनच्या गोंधळासाठी. ११ ची वेळ देऊन १ वाजून ४० मिनिटांनी आत घेतलं. एवढ्या उशिरानं मी गाडी स्टँडात आणली असती तर डेपोत उभं करून जबाब लिहून घेतला असता.

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. ३१ वर्षं नोकरी, शेवटची १४ सातारा डेपोत. वय ६१. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पुण्यातलं ट्रस्टचं आहे आणि तिथं दर गुरुवारी फक्त हृदयाच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे झडपांच्या, पेशंटची वेगळी ओपीडी चालते, एवढं सांगितलं तरी शोधणाऱ्याला पुरेल. मी तीन गुरुवार गेलो. सकाळची स्वारगेट विनाथांबा पकडायची, खंबाटकीत डुलकी, खेड-शिवापूरच्या टोलला जाग. निवृत्त झालो तरी तिकीट काढताना हात आपोआप सुट्ट्या पैशांकडं जातो.

शेवटच्या गुरुवारचा प्रसंग आधी सांगतो. डॉक्टरबाईंनी फाइलवर निदान लिहिलं आणि फाइल आमच्या मंडळींच्या हातात दिली. आम्ही खाली बिलाच्या रांगेत. आमच्या मंडळी दहावी शिकलेल्या, इंग्रजी अक्षराला अक्षर लावून वाचतात. ‘हार्ट... फेल...’ एवढं वाचलं आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. आमच्याकडं हार्ट फेल म्हणजे माणूस गेला. अमक्याचं हार्ट फेल झालं म्हटलं की पुढचा प्रश्न ‘मयत किती वाजता’ हाच असतो. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, “अहो, मग तुम्ही उभे कसे?”

रांगेतली माणसं हसली, मलाही हसू आलं, पण त्यांचे हात गार पडले होते. तिथल्या एका सिस्टरनं हे पाहिलं आणि आम्हाला रांगेतून काढून परत वर नेलं. डॉक्टरबाई पुढचा पेशंट तपासत होत्या. तो संपेपर्यंत थांबलो. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, “काकू, गणितात नापास झालेला पोरगा मेलेला असतो का?” मंडळी म्हणाल्या, “नाही.” “मग हेही नापासच आहे. हृदय बंद पडलेलं नाही. अंगाला लागतं तेवढं रक्त पुढं द्यायला ते कमी पडतंय, किंवा देतंय पण त्यासाठी आतला दाब वाढवून घेतंय. तो दाब मागं फुप्फुसात चढतो, म्हणून दम लागतो.” एवढ्या चार वाक्यांसाठी त्यांनी दहा मिनिटं दिली. चारातले दोन तारे या दहा मिनिटांचे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की हा शब्द फाइलवर लिहायच्या आधी तोंडी सांगायला हवा होता. ते मी तिथल्या सूचनापेटीत लिहूनही टाकलंय.

आता मागचं. २०१६ साली एका वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डाव्या कुशीवर वळवलं, परत ऐकलं आणि म्हणाले, मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा आवाज येतोय, इको करा, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोत निघालं की डावीकडच्या दोन कप्प्यांमधलं दार, म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह, मागं कलतं आणि गळतं. लीक मध्यम. औषधाची गरज नाही, वर्षा-दोन वर्षांनी इको करत राहा. तसं मी करत राहिलो. रिपोर्टची घडी घालून पाकिटात आणि पाकीट कपाटात. तिकिटाचा हिशेब ३१ वर्षं लावला, त्यामुळं कागद हरवत नाही.

दम कधी लागायला लागला ते मला सांगता येत नाही, आणि खरी मेख इथंच आहे. निवृत्तीनंतर रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचो. मग गुडघे कुरकुर करतात म्हणून चार भिंतीपर्यंतच. मग थंडी आहे म्हणून राजवाड्यापर्यंत. मग चौपाटीवर भेळेच्या गाड्यांजवळ बाकावर बसून मित्रांची वाट बघायची आणि त्यांच्याबरोबर परत यायचं. कुणी विचारलं तर मी छातीवर हात मारून सांगायचो, मला काही त्रास नाही. खोटं बोलत नव्हतो. त्रास होईल असं काही करतच नव्हतो.

रात्री खोकला सुरू झाला. आडवा झालो की कोरडा खोकला, उठून बसलो की थांबतो. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीचा दमा म्हणून पंप दिला. पंपानं छाती धडधडायची, खोकला तेवढाच. मग दुसरे डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी वर येते, सकाळी उपाशीपोटी गोळी. दोन्हीकडं मी स्वतःहून इकोचा ताजा रिपोर्ट पुढं केला. त्यावर शेवटच्या ओळीत ठळक लिहिलेलं : ईएफ ६० टक्के, नॉर्मल एलव्ही फंक्शन, म्हणजे हृदयाच्या डाव्या पंपाचं काम ठीक. दोघांनीही ती ओळ वाचली आणि म्हणाले, हृदय उत्तम आहे. मीही खूश. त्यांना दोष देत नाही, कारण ती ओळ वाचून घरी पेढे मीच वाटले होते. कंदी, पाव किलो.

मुलानं पुण्यातल्या या ओपीडीत नाव लावलं. फी ७०० रुपये. पहिल्या गुरुवारी आत गेलो तर डॉक्टरबाई चाळिशीच्या आतल्या. मी खुर्चीवर बसलो, मंडळी दाराशी थांबल्या. बाई म्हणाल्या, “काकू, तुम्ही आत या. काका काय सांगत नाहीत ते तुम्ही सांगायचंय.” या ओपीडीचा हा नियमच आहे, घरचं माणूस आत पाहिजेच. मी माझं नेहमीचं सुरू केलं, काही त्रास नाही म्हणून. मंडळींनी तोंड उघडलं आणि माझा पंचनामा झाला. हे दोन उश्या घेतात. रात्री दोन वाजता खिडकी उघडून बसतात. चपलेचा पट्टा लावायला वाकले की तोंड लाल होतं. संध्याकाळी मोज्याची रेघ पायावर उमटते. दिवाळीत बाजारातून पिशव्या मी आणल्या, हे पुढं रिकाम्या हातानं.

दिवाळीचं मला आजही पटलेलं नाही. बाकी खरं होतं.

बाई सगळं लिहून घेत होत्या. मग विचारलं, “शेवटचं अजिंक्यताऱ्यावर कधी गेलात?” मी आठवायला लागलो आणि आठवेना. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, व्हॉल्व्हच्या पेशंटला ‘दम लागतो का’ विचारून उपयोग नसतो, तो नाहीच म्हणतो. ‘गेल्या वर्षी काय करत होता आणि आता काय करत नाही’ हे विचारावं लागतं.

मग तपासणी. पलंगाची डोक्याची बाजू तिरकी केली आणि गळ्याच्या बाजूची शीर बघितली, किती वर फुगलीय ते. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला तर तिथं खळगा. मी स्वतः बघितला तो खळगा. कणकेच्या गोळ्यावर बोट दाबल्यासारखा, आणि हळूहळू भरत आला. आठ-नऊ वर्षांत माझा पाय कुणी असा दाबला नव्हता. पाठीवर खाली नळी लावून खोल श्वास घ्यायला लावला, दोन्हीकडं.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी तिसरा तारा. माझ्या पाकिटातले सगळे जुने इको रिपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले, कंडक्टरनं तिकिटांच्या हिशेबाची वेबिलं मांडावीत तसे. चार कागद. ईएफच्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारत गेल्या : ६६, ६४, ६२, ६०. मग खालच्या एका ओळीवर रेघ मारली, जी मी कधी वाचली नव्हती. डावा कप्पा आकुंचन पावल्यावर केवढा उरतो त्याचं माप, मिलिमीटरमध्ये : ३४, ३६, ३८, ३९. प्रत्येक कागद आपापल्या जागी ‘नॉर्मल’. चारही शेजारी ठेवले तर उतार लागलेली गाडी. हे कागद चार वेगवेगळ्या लॅबमधले, चार वेगवेगळ्या माणसांनी पाहिलेले. शेजारी शेजारी ते आजवर कुणी ठेवलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

मी विचारलं, पण ६० नॉर्मल ना? ५५ च्या वर चांगलं असं सगळे म्हणतात. तेव्हा त्यांनी ईएफ म्हणजे काय ते सांगितलं. भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, तो आकडा. कुठं पडतं ते तो आकडा सांगत नाही. पुढं महारोहिणीत, म्हणजे अंगाला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीत गेलेलं आणि गळक्या दारातून मागं गेलेलं, दोन्ही त्यात मोजलं जातं. मागं ढकलायला जोर कमी लागतो, कारण मागच्या कप्प्यात दाब कमी. म्हणून थकलेलं हृदयसुद्धा आकडा चांगला दाखवतं.

हे माझ्या डोक्यात लगेच बसलं. गाडी स्टँडावर लागली, पुढच्या दारानं ६० पॅसेंजर उतरले असं मी लिहिलं, आणि त्यातले ३० मागच्या दारानं परत आत चढून बसले. वेबिलावर ६०. पुण्यात पोचले ३०. मी हे बोलून दाखवल्यावर बाई जोरात हसल्या आणि तेव्हापासून मला काका म्हणायचं सोडून मास्तर म्हणायला लागल्या. पुढं म्हणाल्या, “म्हणून असं दार फार गळत असेल तर ६० हा आमच्याकडं पास होण्याचा आकडा नाही, धोक्याचा आहे. ईएफ ६० किंवा त्याच्या खाली आली, किंवा ते दुसरं माप ४० मिलिमीटरला पोचलं, तर पेशंटला दम नसला तरी आम्ही ऑपरेशनचं बोलतो.”

पहिल्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांची चाल झाली. तीस मीटरवर प्लास्टिकची खुर्ची, तिला वळसा घालून परत. सिस्टरच्या हातात घड्याळ, माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलेलं, मला वाटलं पाचशे मीटर सहज. ११ लांब्या झाल्या, ३३० मीटर, आणि त्यातही एकदा खिडकीतून बाहेर बघायच्या निमित्तानं थांबलो. सिस्टरनं ते ‘थांबले’ म्हणूनच लिहिलं. निमित्त नाही लिहिलं.

इको दुसऱ्या गुरुवारी. आधीच्या ठिकाणी इको म्हणजे दहा मिनिटांचं काम, इथं ४० मिनिटं. जेल बर्फासारखं गार, तक्रार करून उपयोग नाही. पण करणारे डॉक्टर एकेक गोष्ट तीनतीनदा मोजत होते. सुरुवातीला त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं आणि रिपोर्टवर लिहिलं. कशाला विचारलं, तर बीपी जास्त असताना लीक मोठं दिसतं आणि कमी असताना लहान, म्हणून कोणत्या बीपीला मोजलं ते लिहून ठेवायचं. माझ्या जुन्या चार रिपोर्टांत एकावरही बीपी नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी व्हॉल्व्हचा पेशंट असेल तर रिपोर्ट हातात आल्यावर आधी हे बघा.

रिपोर्ट असा : एका ठोक्याला साधारण ११० मिली रक्त बाहेर, त्यातलं ६२ मिली मागं. ईएफ ५८. ते दुसरं माप ४१. मागचा कप्पा फुगलेला. फुप्फुसाकडचा दाब वाढलेला. आणि कारणही सापडलं. व्हॉल्व्हच्या पाकळ्या खालून बारीक दोऱ्यांनी धरलेल्या असतात, छत्रीच्या सैनिकाच्या दोऱ्या असतात तशा. त्यातली एक माझी तुटलेली आहे आणि पाकळीचा मधला तुकडा मोकळा फडफडतोय. पडद्यावर मला दाखवला. उंबऱ्यातल्या पायपुसण्याचं टोक वाऱ्यानं उडावं तसा. नंतर घशातून नळी घालूनही एक इको केला. त्यावर मी काही लिहिणार नाही. घशाला मारलेला फवारा कडू होता आणि संध्याकाळपर्यंत चहाची चव कळली नाही.

रक्ताची तपासणी पहिल्या दिवशीच झालेली, एनटी-प्रोबीएनपी म्हणतात तिला. किंमत २,१०० रुपये, इतक्या रुपयांत आमच्या वेळी महिना निघायचा. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की तो हा पदार्थ रक्तात सोडतो. ओपीडीत चालत आलेल्या माणसाचा आकडा १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही. माझा ११४०. मला वाटलं, मग हा एकच आकडा पुरे, बाकी चाल, इको, उशी कशाला? बाई म्हणाल्या, आकडा वयानं वाढतो, किडनी मंद असेल तर वाढतो, ठोके अनियमित असतील तर वाढतो, आणि जाड माणसात फसवं कमी दिसतं. शिवाय नुसत्या व्हॉल्व्हच्या ताणानंही वाढतो. म्हणून आकडा, इको आणि पेशंटची गोष्ट, तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. माझी जुळली. ज्यांची जुळत नाही, म्हणजे लीक मोठं पण पेशंट ठणठणीत म्हणतो, त्यांना चालवून किंवा सायकल मारायला लावून मग इको करतात.

आता उशिराबद्दल. अडीच-तीन तास बाकावर बसलो त्याचा एक फायदा झाला, तो नाकारत नाही. फलटणकडची एक ताई होती, ३४ वर्षांची, बरोबर सासू. तिचं दार गळत नव्हतं, आवळलेलं होतं. लहानपणी घसा सुजून मग सांधे धरले होते, ताप होता, तो सांधेताप हृदयावर गेला आणि कुणाला कळलं नाही. दुसऱ्या बाळंतपणात पाचव्या महिन्यात दम लागायला लागला तेव्हा घरचे म्हणाले, पोटुशी बाईला दम लागतोच. गरोदरपणात रक्त वाढतं, ठोके वाढतात, आणि अरुंद दारातून ते निघेना. मायट्रलचं दार मोठ्या माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं, तिचं ०.९. आणि तिची ईएफ? ६५. पंप उत्तम, कारण अडथळा पंपाच्या अलीकडं. पाणी सगळं फुप्फुसात. तिच्या जांघेतून नळी घालून फुग्यानं दार मोठं केलंय, आता दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायला लागतं, ते दुखतं म्हणाली. सासू मात्र मला सांगत होती, “आम्ही तिला आळशी म्हणायचो हो.” दोनदा सांगितलं. ताई खाली मान घालून मोबाइल बघत होती.

दुसरे एक आजोबा सासवडचे, ७८ चे, महारोहिणीचं दार चुन्यानं कडक झालेलं. त्यांच्या मुलाची तक्रार वेगळीच. आधी डॉक्टर म्हणायचे मर्मर मोठा आहे, नंतर म्हणायला लागले लहान झालाय, म्हणून घरचे निर्धास्त. पण आवाज लहान झाला तो दार सुधारलं म्हणून नाही, पंप दमला म्हणून. जोरच नाही तर आवाज कुठून येणार? इकोवर दाराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरकही त्यामुळं कमी दिसला, २८. आणि ४० च्या वर असला तरच दार फार अरुंद, असा ठोकताळा. मग त्यांना औषधाचं सलाईन लावून, हृदयाला जोर आणून परत इको केला, आणि सीटी स्कॅनवर दारावरचा चुना मोजला. तेव्हा खरं कळलं. म्हणजे माझा आकडा लीकमुळं खोटा चांगला, यांचा आकडा अशक्तपणामुळं खोटा चांगला. आजोबांना हे सगळं ऐकू येत नव्हतं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, “सातारा डेपो का? माझी पिशवी राहिली होती एकदा तुमच्या गाडीत.” कोणत्या सालची ते विचारलं तर १९८७ म्हणाले. मी तेव्हा नोकरीतच नव्हतो, पण ऐकून घेतलं.

उपचाराबद्दल थोडक्यात, कारण मी रिव्ह्यू निदानाचा लिहितोय. लघवीची गोळी सुरू केली, मीठ कमी, पापड-लोणचं बंद, आणि रोज सकाळी वजन. बाईंनी स्वच्छ सांगितलं की गोळीनं पाणी उतरेल, खोकला जाईल, पण तुटलेली दोरी गोळीनं सांधली जात नाही. ऑपरेशन लागेल, आणि माझ्या केसमध्ये व्हॉल्व्ह बदलण्यापेक्षा आहे तोच दुरुस्त करायचा प्रयत्न होईल, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर मागं लागत नाही. त्याआधी अँजिओग्राफी आणि दातांचा डॉक्टर. दातांचा का, तर किडलेल्या दातातले जंतू रक्तातून व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, फुले योजनेचे कागद दिलेत. दोन दाढा काढून झाल्या.

वजनाचा काटा ९५० रुपयांना घेतला. सकाळी परसाकडं जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. पहिल्या दिवशी ७३.६. अकराव्या दिवशी ७०.२. साडेतीन किलो पाणी मी अंगात घेऊन हिंडत होतो आणि मंडळींना सांगत होतो, तब्येत भरलीय. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, असा नंबर फाइलवर लिहून दिलाय. एकदा रविवारी करून बघितला, मुद्दाम. चौथ्या रिंगला उचलला. चौथा तारा त्याचा.

कापलेल्या ताऱ्याचं आता सविस्तर. टोकन दोन प्रकारची, पांढरं नाव नोंदवायचं आणि पिवळं डॉक्टरांचं, आणि ओरडणारा माणूस एकच. पांढरा १८ ओरडला की पिवळा १८ उठतो. पाट्या सगळ्या इंग्रजीत. ‘नॉन इन्व्हेजिव्ह कार्डिऑलॉजी’ म्हणजे इकोची खोली हे मला एका वॉर्डबॉयनं सांगितलं तेव्हा मी तिच्यासमोरून चारदा गेलेलो. आत दम लागलेले पेशंट आणि लिफ्ट तळमजल्यावरून न निघता अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? वजन सिस्टरनं चपला घालून घेतलं, मी सांगितल्यावर काढायला लावल्या. रिपोर्ट मोबाइलवर येतात, पण कागदावर हवे तर वेगळी रांग. कँटीनचा उपमा बरा, चहा पाणचट. हृदयाच्या हॉस्पिटलात बटाटावड्यावर मिठाची मिरची ठेवतात, तीही मी बघितली. खाल्ली नाही, मंडळी बरोबर होत्या.

जाणार असाल तर सोबत सगळे जुने इको न्या, एकही सोडू नका, आणि तारखेप्रमाणे लावून न्या. चालू गोळ्यांची पाकिटंच न्या, नावं सांगत बसू नका. सैल पायजमा घाला, पाय दाबून बघतात. घरचं असं माणूस न्या जे तुमचं ऐकत नाही. फाइलच्या झेरॉक्स तीन प्रती गावातूनच काढा, तिथं खाली पानाला पाच रुपये घेतात आणि सुट्टे नाहीत म्हणतात.